सॅम्पल अल्बममधलं चौदावं पान

४ नोव्हेंबर

बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन केला नाही, कारण फोनवर मी दुसऱ्याच वाक्याला आवाज चढवतो असं तुझ्या वहिनीचं म्हणणं आहे. कागदावर निदान शेजाऱ्यांना ऐकू जात नाही.

कामाचं तेवढं लिहितो. काल एक बाई मुलाच्या लग्नाचं ठरवायला दुकानात आल्या. खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या, काउंटरवरचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला, तोंडभर कौतुक केलं. मी डायरीत तारीख टिपायला पेनाचं टोपण काढलं आणि बाई म्हणाल्या, "एकदा पुलापलीकडच्या स्टुडिओतही डोकावून येते हं." पुलापलीकडचा स्टुडिओ म्हणजे तू. बाई डोकावल्या त्या तिकडेच राहिल्या. पंधरा दिवसांतलं हे तिसरं गिऱ्हाईक. तू त्यांना हाताला धरून नेत नाहीस हे मला कळतं. पण पुलाच्या अलीकडची कामं घेताना भावाची थोडी तरी लाज बाळगावी, एवढंच.

परवा सहज तुझ्या बाजूला आलो होतो. चष्म्याची काडी बसवून घ्यायची होती. चष्मेवाला आपल्या गल्लीतही आहे, ते मला माहीत आहे, तू सांगू नकोस. तुझ्या काचेत तो मोठा फोटो लावलायस, नवरी खिडकीशी आणि अर्धं तोंड अंधारात. अर्धं तोंड अंधारात! माझ्या हातून असा फोटो निघाला असता तर मुलीच्या आईनं अल्बम टेबलावर आपटून विचारलं असतं, माझ्या पोरीचा दुसरा गाल कुठाय? तुझ्याकडे मात्र लोक थांबून बघतात. मी काही मोजत उभा नव्हतो, पण सात जण थांबले.

आता खरी बातमी. ठमीचं लग्न ठरलं. तू गेलास तेव्हा ती शाळेच्या गणवेशात होती, आता बँकेत नोकरी करते आणि मला फॉर्म कसे भरायचे ते शिकवते. मुलगा चांगला आहे. फोटो काढताना डोळे मिटतो, एवढा एक दोष. वीस जानेवारीला लग्न आहे. आमंत्रण रीतसर येईल. पाहुणा म्हणून ये, पोटभर जेव, आणि कॅमेरा घरी ठेवून ये. माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी काढणार आहे.

दादा


२१ नोव्हेंबर

बारक्या,

तुझं उत्तर नाही. नसू दे.

हे पत्र मी आपणहून लिहीत नाही. तुझी वहिनी समोर भाजी निवडत बसली आहे आणि पेन थांबलं की वर बघते.

झालं असं. रविवारी ठमी दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "आज मी गिऱ्हाईक आहे. नीट बोलायचं आणि पाणी विचारायचं." मी पाणी दिलं. तिनं काउंटरवरचा अल्बम ओढला, भराभरा पानं उलटली आणि चौदाव्या पानावर बोट ठेवलं.

ते पान तुला आठवत असेल किंवा नसेल. आपल्याकडचा जुना फोटो आहे. नवरीचा बाप हॉलच्या मागच्या दाराशी उभा आहे, पोरीच्या चपला हातात धरून. गाडीत बसण्याआधी तिनं कधीतरी धरायला दिल्या असणार. ती गाडीच्या दाराला हात लावून वळली आहे आणि तो तिच्याकडे बघतोय. हातात चपला आहेत याचं त्याला भान नाही.

"मला हा हवा," ठमी म्हणाली. "याच्या जागी तुम्ही."

"काढू की."

"कसा काढणार? फोटोत तर तुम्ही आहात."

मी म्हटलं, कॅमेरा स्टँडवर लावू, टायमर असतो. तर ती म्हणाली, "बाबा, आपल्या घरातल्या एकाही फोटोत तुम्ही नाही. माझ्या पाचव्या वाढदिवसाला तुमचा अंगठा आहे, लेन्सच्या कोपऱ्यात. तेवढेच तुम्ही. निदान या एका दिवशी तरी तुम्ही मला फोटोत हवे आहात, आणि माझ्याकडे बघताना हवे आहात."

"मग काढायचा कोणी?"

"ज्यानं हा काढला त्यानं," असं म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी ती तुझ्या स्टुलाला टेकून तुझ्या प्रिंट निवडायची, हे मी विसरलो होतो. मी म्हटलं, जुना फोटो आहे, कोणी काढला कोण जाणे. तिनं अल्बम मिटला आणि पाणी न पिता गेली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि टायमर लावून बघितला. तुझ्या वहिनीच्या चपला हातात घेऊन पडद्यासमोर उभा राहिलो, आणि ठमी जिथे असेल असं धरलं होतं तिथल्या कपाटाकडे मायेनं बघितलं. दहा फोटो काढले. दहाही फोटोंत हॉलच्या बाहेरून चपला उचलताना पकडलेला माणूस दिसतो. सगळे पुसून टाकले.

तेव्हा विचारतो, नुसतं धंद्यातलं म्हणून, की असा फोटो काढायचा तर किती अंतरावर उभं राहायला हवं? आणि त्या दिवशी तू येणारच आहेस तर कॅमेरा जवळ असला तरी माझी हरकत नाही. वहिनी म्हणते, "हरकत नाही असं लिहू नका, ये म्हणून लिहा." तिनं सांगितलं म्हणून लिहितो. ये.

दादा


५ डिसेंबर

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी भावाला पत्र लिहायचं आणि त्यात चार शब्द. "येईन. वाळवी गेली का?"

ते वाचून मी आधी रागावलो. मग कार्ड तुझ्या वहिनीच्या हाती लागू नये म्हणून लेन्सच्या डब्यात ठेवलं. ठमीनं तुला फोन केला होता आणि चौदावं पान काउंटरवर आहे हे सांगितलं, ते मला कालच कळलं. आता लपवायला काही उरलं नाही, तर सगळंच लिहून टाकतो.

वाळवी कधी लागलीच नव्हती. तू जायला निघालास तेव्हा कॅमेरा मागितला नाहीस, दिवे मागितले नाहीस, फक्त तो एक अल्बम मागितलास. मी म्हटलं, माळ्यावर ठेवला होता, वाळवीनं खाल्ला, फेकून दिला. तू माझ्याकडे बघितलंस, हेल्मेट उचललंस आणि गेलास. अल्बम तेव्हा माझ्या पायाशी, टेबलाच्या खालच्या खणात होता.

भांडण कशावरून झालं होतं? तू म्हणाला होतास, "दादा, शेवटच्या पानावर दुकानाच्या नावाखाली माझंही नाव घालू या, बारीक अक्षरात." मी म्हटलं, दुकानाला एकच नाव असतं. अल्बमच्या मागच्या कव्हरवर कोपऱ्यात तू पेनानं सही केली होतीस. त्यावर मी दुकानाचा स्टिकर चिकटवला आणि अल्बम काउंटरवर मांडला.

तेव्हापासून माझ्याकडे जो येतो तो तुझे फोटो बघून येतो. तारीख ठरवतो, लग्न होतं, मी फोटो काढतो, अल्बम तयार होतो. न्यायला आल्यावर लोक पानं उलटतात आणि म्हणतात, "छान झालाय. पण तेव्हा बघितला होता तसा..." एवढं बोलून गप्प बसतात. चांगली माणसं असतात, पुढचं बोलत नाहीत. मी घाईघाईनं कव्हर पुसतो आणि पिशवी देतो. नऊ वर्षं हे ऐकतोय.

आणि चौदावं पान. त्या दिवशी मागच्या दाराशी आपण दोघंही होतो. मी तुझ्या शेजारी, तुझ्याहून मोठा कॅमेरा घेऊन. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं. माझा फोटो अजून आहे माझ्याकडे. त्यात गाडीची नंबरप्लेट अगदी लख्ख आली आहे. आकडा न आकडा वाचता येतो. मागे कुणीतरी माणूस उभा आहे, हातात काहीतरी घेऊन.

तू माझ्याच हाताखाली शिकलास. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात कसा घालायचा तेही मी दाखवलं. मग तुला जे दिसलं ते मला का नाही दिसलं? अजूनही दिसत नाही. मी हॉलमध्ये शिरलो की दिवे बघतो, तू माणसं बघतोस. लोक पुलापलीकडे जातात तेव्हा मी तुला नावं ठेवतो, आणि मनात म्हणतो, मीही तिकडेच गेलो असतो. मला तुझा हेवा वाटतो, बारक्या. पहिल्यापासून वाटतो. हे तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही.

स्टिकर काढला. किटलीच्या वाफेवर धरल्यावर सुटला. थोडा डिंक राहिला आहे, पण सही शाबूत आहे. अल्बम हॉलवर तुझ्या हातात देईन. काउंटरवर आता मी माझ्या फोटोंचा अल्बम मांडलाय. या आठवड्यात एक जण आला, बघून गेला, "कळवतो" म्हणाला.

ये. ठमीला तो फोटो हवा आहे. मला देता येत नाही, तुला येतो.

दादा


१८ जानेवारी

बारक्या,

परवावर आलं, म्हणून घाईत. हॉलची डावीकडची ट्यूब लुकलुकते, तिच्याखाली कुणाला उभं करू नकोस. मागच्या दाराशी चारनंतर ऊन सरळ डोळ्यांत येतं, तेव्हा थोडं खाली बसून घे. मुलाला "तीन" म्हणून सांगू नकोस, तो बरोबर तीनला डोळे मिटतो, दोनलाच बटण दाब. मुलाच्या आत्याला उजवी बाजू आवडत नाही. तुला हे सगळं कळतं, मी उगाच लिहितोय. माझा जुना फ्लॅश घेऊन येतो, लागला तर.

वहिनी म्हणते, त्या दिवशी तुम्ही फक्त मुलीचे बाप व्हा. त्यात काय अवघड आहे?

दादा


१६ फेब्रुवारी

बारक्या,

पेनड्राइव्ह मिळाला, त्याबरोबरची चिठ्ठीही मिळाली. "दादा, तो फोटो काही जमला नाही. माफ कर."

चिठ्ठी वाचून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अर्धं मिनिट का होईना, पोटात गार वाटलं. जन्मात एकदा तुझाही फोटो हुकला! हुकला कसा हे बघायला मी चहासुद्धा न घेता कॉम्प्युटर लावला.

तुझे फोटो आठशे साठ. सुरुवातीला मी धंदेवाईक नजरेनं बघत गेलो, इथे उजेड जास्त, इथे हात कापला. शंभरेक फोटो झाल्यावर लक्षात आलं की मी स्वतःला बघतोच नाहीये. म्हणून परत पहिल्यापासून लागलो आणि फक्त स्वतःला शोधलं. त्रेपन्न फोटोंत मी आहे. त्रेपन्नच्या त्रेपन्न फोटोंत मी तुझ्याकडे बघतोय.

लग्नाच्या नोंदवहीत सही करताना पेन कागदावर आहे आणि डोळे लेन्समध्ये. सही चौकटीबाहेर गेली आहे, नंतर तिथल्या कारकुनानं दुसरी घेतली ती म्हणूनच. ठमी गळ्यात पडली आहे, तर तिच्या खांद्यावरून मी तुझं अंतर मोजतोय. एका फोटोत मी जेवणाऱ्या व्याह्यांशी बोलतोय, तेही मान तुझ्याकडे करून. एकात तर हातानं खूण करतोय, फ्लॅश वर कर, वर कर. काय होतं सांगू? तू खिडकीशी उभा राहिलास की मला वाटायचं, याला हे कसं सुचलं. तू स्टुलावर चढलास की वाटायचं, मला का नाही सुचलं. दिवसभर माझं हेच चाललं होतं. लोकांना वाटलं बाप हळवा झालाय, म्हणून गप्प आहे.

मग आला सहाशे सतरावा.

मागचं दार, गाडी. ठमी दाराला हात लावून वळली आहे. माझ्या हातात तिच्या चपला. त्या चपला तिनं मुद्दाम दिल्या होत्या रे. "धरा जरा," म्हणाली. मला वाटलं, उंच टाचा टोचत असतील. चौदाव्या पानाचं मला त्या क्षणी काही आठवलं नाही, कारण तू दाराच्या चुकीच्या बाजूला उभा आहेस असं मला वाटत होतं आणि मी तुला ओरडून सांगत होतो, "खाली बस! खाली!" फोटोत माझं तोंड उघडं आहे. चपला धरलेला हात तुझ्या दिशेनं पुढे आला आहे.

आणि तू बरोबरच उभा होतास. ऊन तिच्या कपाळावर जसं यायला हवं तसं आलंय. तिचा चेहरा पूर्ण दिसतो. ती माझ्याकडे बघतेय. चौदाव्या पानावरचा बाप जसा बघतो ना, तशी.

ती तेव्हा कशी दिसत होती हे मला तुझ्या फोटोवरून कळलं. मी तिथेच चार हातांवर होतो.

मी काय केलं असेल ते तुला वेगळं सांगायला नको. आपल्या धंद्यात हे रोजचं आहे. मावशीचे डोळे मिटले की दुसऱ्या फोटोतलं मावशीचं डोकं आणून बसवायचं, कुणाला पत्ता लागत नाही. मला फक्त माझं एक डोकं हवं होतं, डावीकडे वळलेलं, मुलीकडे बघणारं. बावन्न फोटो पुन्हा उघडले. मग माझ्याकडचे जुने सगळे, तिच्या वाढदिवसांचे, सहलींचे. जुन्यांत मी नाहीच, आणि नव्यांत सगळी डोकी समोर. चोवीस वर्षांत मी माझ्या मुलीकडे बघतोय असा एक फोटो नाही. बघितलंच नाही असं नाही रे. पण बघितलं ते बारीक डोळा करून, काचेतून, आणि ती हलली तर फोटो हलेल म्हणून तिला दटावत.

तुझी वहिनी मागे येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. म्हणाली, "अहो, चहा कधीचा निवलाय." मग तिनं पडद्यावर बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.  

तेव्हा माफीचं तू बोलू नकोस. तुझा फोटो हुकला नाही. हुकलो ते मी.

मला वाटलं हा फोटो ठमीला दाखवूच नये. पण निवड गिऱ्हाइकाची, हा आपला नियम. सगळे फोटो तिला पाठवले. चार दिवसांपूर्वी तिची यादी आली, बँकवाल्यांच्या पद्धतीची, नंबर, रकाने, खुणा. सहाशे सतरासमोर तिनं लिहिलंय, "पूर्ण पान. बाबांना दुरुस्त करू नये."

ते वाचून मी दुकानात, भर दुपारी, काउंटरमागे रडलो. एक गिऱ्हाईक दारातून परत गेलं. गेलं तर गेलं, तुझ्याकडेच येणार आहे.

अल्बम लावून झाला. सहाशे सतरा चौदाव्या पानावर घातलाय. शेवटच्या पानावर तुझं नाव आहे, मोठ्या अक्षरात. दुकानाचं घातलं नाही. छपाईवाल्यानं फोन करून विचारलं, "चूक तर नाही ना?" मी म्हटलं, नाही, या वेळी नाही.

ठमी येत्या रविवारी येतेय, दुपारच्या जेवणाला. जावईबापूही आहेत, डोळे उघडे ठेवण्याचा सराव करतायत म्हणे. तू यायचं आहेस, आणि हे वहिनीनं सांगितलेलं नाही, मी सांगतोय. पण एक कर, कॅमेरा घरी ठेवून ये. पहिल्या पत्रात हेच लिहिलं होतं, ते तेव्हाच्या कारणासाठी. आताचं कारण असं, की तू नुसता हात डोळ्याशी नेलास तरी माझी मान तुझ्याकडे वळते, आणि रविवारी मला ठमीकडे बघायचं आहे.

तुझा
दादा